कार्डातली मोकळी जागा

विषय: घरातील मेमरी कार्डावरील रिकाम्या जागेचा ताबा मिळणेबाबत.

चहा घेता घेता ऐका. आमच्या रेकॉर्डरचं आठ जीबीचं जुनं कार्ड मी चौसष्टच्या नव्या कार्डावर जसंच्या तसं उतरवलं. जुनं नंतर बिघडलं. नवं मात्र स्वतःला आठचंच समजतं आणि जागा संपली म्हणतं. नात नुकती बोलायला लागली आहे, आणि तिचा आवाज ठेवायला जागा नाही.

कॉम्प्युटरवर पाहिलं, तर एक भरलेली लहान पट्टी आणि तिच्यापुढे नुसता करडा, मोकळा पट्टा. कापूस वेचून झालेल्या शेतासारखा. दुपारभर बघत बसलो. मग माउसने पट्टी शेवटपर्यंत ओढली. 'लागू करा' दाबायचं तेवढं उरलं. चूक झाल्यास सगळं पुसलं जाईल, अशी सूचना होती. वरिष्ठांच्या सहीशिवाय जन्मात कागद हलवला नाही, म्हणून बायकोला हाक मारली.

"याच्यात माईचा आवाज हाये ना?" तिनं विचारलं. माई म्हणजे तिची फुलसावंगीची बहीण, मागच्या वर्षी गेली.

"आहे."

"पुसल्या गेला तं?"

"आधी नक्कल काढतो."

"अन् नक्कल काढतानाच गेला तं? कायले घाई करून राह्यले? पोरगी काय उद्या मुकी होते?"

मग तीही शेजारी बसून त्या करड्या पट्ट्याकडे पाहत राहिली. म्हणाली, "केवढी जागा हाये हो! माई अजून कितीक बोलली असती."

अर्ज मंजुरीसाठी तिच्याकडेच आहे. कॉम्प्युटर खाली एवढंच दाखवतो: एक काम प्रलंबित.