एकट्याची गादी

डॉक्टर: दाढी किती दिवसांनी करता?

बायको: दाढी? डॉक्टर, हे पाठीसाठी आलेत.

डॉक्टर: पाठीचं विचारून झालं. आता दाढीचं विचारतेय.

गादीवाला: करतो की. लागेल तशी.

बायको: लागतच नाही. पूर्वी दिवसाआड आरसा अडवून घासत बसायचे. आता कुणाचं लग्न निघालं तरच ब्रश ओला होतो.

गादीवाला: वय झालं की कमी होते.

डॉक्टर: सत्तेचाळीस म्हणजे वय झालं नाही. आणि वयाने दाढी पांढरी होते, सहसा अशी विरळ होत नाही. बरं, घाम येतो का? काही कारण नसताना, अंगातून एकदम वाफा निघाल्यासारखा?

गादीवाला: कारखान्यात फोमचे ढीग असतात. गरम होतंच.

बायको: थांबा, डॉक्टर. हे तुम्ही कसं ओळखलंत? मला वाटायचं, हे माझी नक्कल करतात. मला येतो तसला घाम, माझे पाळी जायचे दिवस चालू आहेत. पण शिलाईच्या मशीनवर बसल्या बसल्या मला उकडायला लागतं, पंखा मोठा करायला उठावं, तर हे आधीच पंख्याखाली उभे.

डॉक्टर: थकवा? चिडचिड?

बायको: चिडचिड केली असती तर बरं झालं असतं. निदान घरात माणूस आहे हे तरी कळलं असतं.

डॉक्टर: आणि इच्छा?

गादीवाला: कसली?

बायको: कसली म्हणे.

डॉक्टर: नवरा-बायकोतली.

गादीवाला: डॉक्टर, तुम्ही नेहमीच्या गोळ्या लिहून द्या. आमची गाडी बाहेर चुकीच्या जागी लावलीय, कोणीतरी उचलून नेईल.

बायको: आपण बसने आलोय.

गादीवाला: हो. ते विसरलो.

बायको: मीच सांगते. पाच वर्षं झाली, हे जिन्यावरून गादीसकट पडले तेव्हापासून. मणक्याचं ऑपरेशन झालं, आधीच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, पाठीचं दुखणं उतरलं. पण दुखण्याबरोबर बाकीचंही सगळं उतरलं. यांचा जीव कशातच नाही. शेवटी मला वाटलं, दुसरीकडे कुठेतरी मन गुंतलंय.

गादीवाला: हे तू कधी बोलली नाहीस.

बायको: असल्या गोष्टी विचारून कळतात का? पाळत ठेवली. पाणी कुठे मुरतंय ते शोधत राहिले. हाती काही लागलं नाही. हे कुठे जातच नाहीत. खाली कारखाना, वर घर, मधे जिना. मला त्याचाच जास्त राग आला.

डॉक्टर: तुम्ही दोघं जरा थांबता? हा तुमचा रक्ताचा रिपोर्ट. पुरुषाच्या अंगात जो हार्मोन असतो, दाढी, ताकद, हाडं, उत्साह, इच्छा, सगळं ज्याच्या जिवावर चालतं, तो तुमच्यात फारच कमी आलाय. आणि माझा संशय तुमच्या पाठीच्या गोळीवर आहे.

गादीवाला: पाठीच्या गोळीचा आणि दाढीचा काय संबंध?

डॉक्टर: ही गोळी साधी नाही. अफूच्या कुळातली आहे.

बायको: अफू?

गादीवाला: मी अफू खातोय?

डॉक्टर: तुम्ही डॉक्टरने लिहून दिलेलं औषध घेताय, आणि तुम्हाला त्याची गरज होती. पण या कुळातल्या गोळ्या वर्षानुवर्षं घेतल्या, की मेंदूवर त्यांचा परिणाम होतो. हा हार्मोन बनवा, असा निरोप मेंदूकडून खाली जात असतो. तो निरोप कमी होत जातो. खाली बनवणारी जागा धडधाकट असते. तिला कुणी सांगतच नाही.

गादीवाला: म्हणजे कारागीर हजर आहेत, मशीन चालू आहे, पण ऑर्डर येत नाही.

डॉक्टर: अगदी तसंच.

बायको: आणि हे पाच वर्षांत आम्हाला कुणी सांगितलं का नाही?

डॉक्टर: सांगायला हवं होतं. पेशंट लाजून विचारत नाहीत, आणि पाठ दुखते म्हणून आलेल्या माणसाला इच्छेचं विचारायचं आमच्याही डोक्यात येत नाही.

गादीवाला: मग आजपासून गोळी बंद. विषय संपला.

डॉक्टर: ते अजिबात करायचं नाही. एकदम बंद केली तर ते अंगावर फार वाईट उलटतं.

गादीवाला: ते माहीत आहे. मागच्या उन्हाळ्यात करून पाहिलं.

बायको: कधी?

गादीवाला: आठवडाभर. म्हटलं, एवढ्या गोळ्या कशाला. मग पोट बिघडलं, हातपाय थरथरायला लागले, डोळ्यांतलं पाणी थांबेना. परत चालू केल्या.

बायको: तो रडण्याचा आठवडा? फोमच्या गठ्ठ्यावर बसून रडत होतात, तो?

गादीवाला: हो.

बायको: मला वाटलं, ती तुम्हाला सोडून गेली.

गादीवाला: कोण?

बायको: जी नव्हतीच, ती.

डॉक्टर: पाणी घ्या थोडं. ऐका आता. एका रिपोर्टवर मी काही ठरवत नाही. पुढच्या आठवड्यात पुन्हा रक्त द्यायचं, सकाळी लवकर. हाडंही तपासून घेऊ. मग गोळी हळूहळू उतरवायची, माझ्या देखरेखीखाली, आणि पाठीसाठी व्यायाम आणि दुसरी औषधं सुरू करायची. तरी हार्मोन वर आला नाही, तर तो बाहेरून देता येतो, इंजेक्शनने. त्याचेही फायदे-तोटे आहेत, ते तेव्हा बोलू.

बायको: मग हे पहिल्यासारखे होतील?

डॉक्टर: बरेच जण सुधारतात. काही महिने जातील. पण हमी नाही देत मी.

गादीवाला: आम्ही गादीची दहा वर्षांची देतो.

डॉक्टर: तुम्हाला उसवून बघता येतं. मला नाही येत.

(संध्याकाळ. गादीचा कारखाना. शिवणयंत्र बंद आहे. भिंतीशी एक अरुंद गादी उभी करून ठेवली आहे.)

बायको: वर चला, जेवून घ्या.

गादीवाला: भूक नाही. म्हणजे, नाही की आहे, तेच समजत नाही. सकाळपासून प्रत्येक गोष्टीचं तसंच झालंय. भूक नाही, ती मला नाही की गोळीला नाही?

बायको: ताट समोर आल्यावर कळेल.

गादीवाला: बस ना जरा.

बायको: बसले. मला एक सांगा. पाच वर्षं मी रागावले कुणावर?

गादीवाला: माझ्यावर.

बायको: तुमच्यावरच. चांगली पोटभर रागावले. आणि आज ती बाई सांगते, यांचं काही नाही, गोळीचं आहे. मग आता तो राग कुठे ठेवू? गोळीवर कसं रागावतात? एवढीशी तर आहे.

गादीवाला: माझ्यावरच राहू दे थोडा. मला सवय झालीय.

बायको: थट्टा नको. आणि ही गादी? ही पण गोळीनेच शिवली का?

गादीवाला: कुठली?

बायको: समोर उभी आहे ती. ज्या माणसाने आजवर लोकांना दोघांच्या गाद्या शिवून दिल्या, त्याने स्वतःला एकट्याची शिवली आणि इथे खाली कारखान्यातच अंथरली.

गादीवाला: ऑपरेशननंतर डॉक्टरांनी कडक गादी सांगितली होती.

बायको: कडक सांगितली होती. अरुंद सांगितली होती का?

गादीवाला: वसतिगृहाच्या ऑर्डरमधला काथ्याचा एक थर उरला होता. सिंगलचा. म्हणून सिंगल झाली.

बायको: एवढंच?

गादीवाला: एवढंच. म्हटलं, पाठ बरी झाली की जाऊ वर. रात्रभर कूस बदलायचो, कण्हायचो, तुझी झोप मोडायची. पहिले काही दिवस वाटायचं, तू हाक मारशील. मारली नाहीस. मग वाटलं, तुलाही बरंच वाटलं असेल. आणि नंतर तर, काही वाटेनासंच झालं.

बायको: तिची कड कुणी शिवली, आठवतंय?

गादीवाला: तूच. या मशीनवर.

बायको: मी. डोळ्यांतलं पाणी कापडावर पडू नये म्हणून मान मागे धरून शिवली. मनात म्हणत होते, या माणसाला तोंडाने सांगायचा धीर नाही, म्हणून शिवून सांगतोय. आणि तेही माझ्याच हातून शिवून घेतोय.

गादीवाला: मी काय सांगत होतो?

बायको: की माझी जागा नाही म्हणून.

गादीवाला: काथ्या उरला होता गं.

बायको: कळलं आता.

गादीवाला: तेव्हा ओरडायचंस ना माझ्यावर.

बायको: तेव्हा तुमचे टाके ओले होते. पुढे टाके भरले, पण माझं तोंड उघडेना. एकदा मूग गिळले की गिळत राहायची सवय लागते.

गादीवाला: बॅग मी पाहिली.

बायको: कसली बॅग?

गादीवाला: कापायच्या टेबलाखाली आहे ती. तुझ्या ताईंकडे निघालीस ना?

बायको: कधी पाहिलीत?

गादीवाला: मागच्या महिन्यात.

बायको: आणि गप्प राहिलात?

गादीवाला: हो.

बायको: मी आज सांगणार होते. तुमचा रिपोर्ट आला, गोळ्या आणून दिल्या, की निघायचं. ताईने वरची खोली मोकळी करून ठेवलीय. कायमचं म्हणूनच चालले होते. पण तुम्ही महिनाभर बघत होतात आणि एका शब्दाने विचारलं नाहीत?

गादीवाला: मला काहीच वाटलं नाही.

बायको: हे ऐकायला बसवून घेतलंत मला?

गादीवाला: उठू नकोस. ऐक पुढचं. मी त्या बॅगेसमोर उभा राहिलो. म्हटलं, ही चालली. आता वाईट वाटेल. उभा राहून वाट बघितली. वाटलंच नाही. पडल्यावर माझा पाय बधिर झाला होता ना, टाचणी टोचली तरी कळत नव्हतं, तसंच. मग फोम कापायला घेतला. कापता कापता घाबरलो. बायको घर सोडून चाललीय आणि आपण माप बरोबर घेतोय. हात जरासुद्धा हलला नाही माझा.

बायको: म्हणून रक्त तपासायला तयार झालात?

गादीवाला: दुसऱ्याच दिवशी.

बायको: मी दोन वर्षं मागे लागले होते. मला वाटलं, माझी कटकट एकदाची कामी आली.

गादीवाला: नाही. त्या भीतीने.

बायको: म्हणजे तेवढी भीती तरी तुमची होती.

गादीवाला: असावी. गोळी कशाला घाबरेल?

बायको: मला अजून एक कळत नाही. विचारू? हसायचं नाही.

गादीवाला: मला हसायला कुठे येतंय.

बायको: उद्या गोळी उतरली, इंजेक्शन घेतलंत, आणि तुम्हाला माझ्याबद्दल काही वाटायला लागलं. तर ते तुम्हाला वाटलं असं धरायचं, की इंजेक्शनला?

गादीवाला: हेच मला डॉक्टरांना विचारायचं होतं. लाज वाटली.

बायको: मलाही.

गादीवाला: मी बसमध्ये तोच विचार करत होतो. लग्न झालं तेव्हा मला जे वाटायचं, तुला दुकानाच्या काचेतून येताना बघितलं की हातातला गादी शिवायचा दाभणसुद्धा चुकायचा, ते तरी माझं होतं की रक्तातलं? तेव्हा कुणी तपासून पाहिलं नव्हतं.

बायको: तेव्हा दाढी भरघोस होती तुमची.

गादीवाला: होती.

बायको: म्हणजे त्याचाही भरवसा नाही.

गादीवाला: कशाचा भरवसा आहे, तेच मला कळेनासं झालंय. एवढं कळतं की आज तिथे तू म्हणालीस, तुला वाटलं माझी दुसरी कुणी आहे, आणि माझ्या इथे काहीतरी दुखलं. पाठ नाही. इथे.

बायको: जास्त दुखलं?

गादीवाला: थोडंसं.

बायको: थोडंसं तर थोडंसं.

गादीवाला: जाशील का गं तू?

बायको: पुढच्या आठवड्यात पुन्हा रक्त द्यायचंय ना, सकाळी लवकर? तुम्ही गजराने उठत नाही. तुम्हाला उठवायला कुणीतरी लागेल.

गादीवाला: आणि त्याच्यापुढे?

बायको: मला माहीत नाही. खरंच माहीत नाही. पाच वर्षं मी ज्याच्याशी भांडायचं ठरवत होते तो माणूस आज नाहीसा झाला, आणि हा जो समोर बसलाय, याची माझी अजून नीट ओळख नाही. मोठ्या मापाचा फोम आहे का शिल्लक?

गादीवाला: आहे. कुणासाठी?

बायको: विचारतेय फक्त.

गादीवाला: मला कडक लागते. तुला मऊ.

बायको: मग अर्धी कडक करा, अर्धी मऊ.

गादीवाला: मधे शिवण येईल. टोचेल.

बायको: शिवण मी घालते. माझी टोचत नाही.

गादीवाला: त्या बॅगेत काय काय भरलंयस?

बायको: माझे कपडे. चष्मा. कात्री. तुमचा तपकिरी स्वेटर.

गादीवाला: माझा कशाला?

बायको: ते मलाही अजून कळलेलं नाही.