खुणेची चिंधी

—छे हो ताई, रोज उघडतं की! रोज म्हणजे रोज. सकाळी संत्री निवडायचा पट्टा सुरू झाला की मी हे दार उघडते, पोरं येतात, खेळतात, दूध पितात, झोपतात—बसा ना तुम्ही, त्या छोट्या खुर्चीवर नको, ती पोरांची आहे, मोडली तर मालकीणबाई माझ्या नावानं खडे फोडतील—ह्या स्टुलावर बसा. मला सगळे मावशीच म्हणतात, तुम्हीही म्हणा. पाळणाघराची मावशी. भिंतीवरचं बदक बघितलंत? ट्रकवर नंबर रंगवणारा पेंटर असतो ना, त्यानं काढलंय, म्हणून त्याच्या पोटावर तशीच जाड काळी सावली आलीय, पण पोरांना काय त्याचं! गाद्या बघा, हात लावून बघा, कशा फुगलेल्या आहेत. आणि पोरं अशी गप्प का म्हणता? गुणी आहेत हो. वळण लावलंय मी. खेळण्यांच्या पिशव्या? त्या होय—त्या धूळ बसू नये म्हणून. खेळताना काढायच्या, खेळून झालं की परत घालायच्या. हो, वरची पिनपण परत मारायची. का नाही? सगळं टापटिपीचं काम आहे इथं.

काय रे बाळा, काय सांगितलंस ताईंना? बाबांचं औषधांचं दुकान आहे? अगं बाई! लहान आहे हो, काहीही बोलतो, काल म्हणत होता माझ्याकडे हत्ती आहे—आता तुम्ही हसताय म्हणजे तुम्हाला कळलंच. बरं, कळलं तर कळलं. तो मेडिकलवाल्याचा. ती दोघं मुकादमाची. ती वेणीवाली मालकांच्या ड्रायव्हरची भाची, सुट्टीला आलीय. तुमची सरकारी गाडी पेट्रोल पंपापाशी दिसली की इथं फोन येतो, मग सगळ्यांची धावपळ उडते, खोली भरलेली दिसायला नको का? तुम्हीसुद्धा पाहुणे येणार म्हटलं की पलंगावरची चादर बदलताच ना. तेवढंच हो, बाकी काही नाही. नाही, संत्री निवडणाऱ्या बायकांची पोरं नाही आणता येत इथं. ती आयांकडे पळतात, रडतात, नाकं गळतात, खेळणी फोडतात. त्यांना ठाऊकच नाही खेळणं कसं धरायचं ते. एकदा आणलं होतं तर एकानं बाहुलीची पिशवीच चाटली, आत बाहुली आहे हे त्याला कळलंच नाही. इतकं हसलो आम्ही. म्हणजे तेव्हा हसलो.

आज कुठं आहेत? आज मागे, लाइनीत. लाइन म्हणजे त्या पत्र्याच्या खोल्या, आम्ही सगळे तिथंच राहतो, खोल्या मालकांच्याच. आजच्या दिवस कोंडून ठेवलीत बिचारी, तुम्ही गेलात की सोडतील. एरवी? एरवी आयांजवळ असतात, पट्ट्याच्या मागे. आता तुम्ही विचारताय म्हणून सांगते, कुठं लिहू नका—खोक्यात. संत्र्यांची लाकडी खोकी असतात ना, त्यात चादर घालायची आणि पोराला निजवायचं. काही वाईट नाही हो, चांगलं उबदार असतं, पोर इकडंतिकडं रांगत जात नाही. आणि हमालांना कळावं म्हणून त्या खोक्याला लाल चिंधी बांधायची. चिंधी दिसली की त्या खोक्याला हात लावायचा नाही, त्याच्यावर काही ठेवायचं नाही, वळसा घालून जायचं. आमची आमचीच पद्धत. कुणी शिकवली नाही, बायकांनीच काढली. हुशार आहेत हो बायका इथल्या, नुसत्या संत्री निवडत नाहीत.

ती बघा, खिडकीतून दिसतेय, तो सैल शर्ट घातलेली, डोक्याला रुमाल—ती माझी लेक. हात बघा कसा चालतोय! डागी फळ हिच्या नजरेतून सुटायचं नाही. दिवसभर उभं राहायचं, कमरेवर हात ठेवते मधून मधून, दिसलं? मी मुकादमाला म्हटलं, एखादं स्टूल दे रे तिला, सातवा लागलाय, तर म्हणतो—अगं बाई. म्हटलं का मी? सातवा म्हटलं का? माझ्या जिभेला हाड नाही, हेच खरं. मुकादमाला नाही हो म्हटलं मी, मनातल्या मनात म्हटलं. त्याला माहीत नाही, कुणालाच नाही. नवऱ्याचा शर्ट घालते, आतून पोट घट्ट बांधते, म्हणून दिसत नाही. कळलं की दुसऱ्या दिवशी घरी पाठवतात, ये म्हणतात बाळंतपण झाल्यावर, आणि झाल्यावर गेलं की जागा भरलेली असते. आणि काम गेलं की खोली गेली, कारण खोली कामावरच्या माणसाला. हो, माहितेय मला रजेचं, कायदा आहे ना. तो छापील कागद लावलाय की मालकांनी, दारामागे आहे. दार उघडं असलं की तो दिसत नाही, आणि दार बंद असलं की आम्ही आत नसतो. हसा, हसा. मी पण हसते. नाहीतर काय करायचं?

पहिलटकरीण? नाही. एक होती आधी. भिंगरी म्हणायचो आम्ही तिला. चालायला लागली तीच मुळी गोल गोल, माझं लुगडं धरून फिरायची, चक्कर आली की धपकन खाली बसायची आणि स्वतःच टाळ्या वाजवायची. अशी पोर! तापानं गेली. ताप आला आणि गेली. घरीच. दवाखान्यात? नाही, तेवढा वेळच नाही मिळाला. औषध दिलं की, दिलं. कसलं म्हणजे? तापाचं. कोणतं—ताई, तुम्ही असं बघू नका हो माझ्याकडे. गावाकडे सांगितलं, पाहुण्यांना सांगितलं, लेकीच्या सासरी सांगितलं, कुणी पुढचा प्रश्न विचारला नाही. लोक अरेरे म्हणतात आणि गप्प बसतात. औषध कोणतं दिलं हे विचारणाऱ्या तुम्हीच पहिल्या.

ताप नव्हता. खडखडीत होती पोर. पोरांनो, तुम्ही त्या बदकाकडे बघा बरं जरा, ताई आणि मी बोलतोय. तेव्हा माल खूप आला होता, पट्टा थांबत नव्हता, अंगावरच्या पोराला पाजायलासुद्धा सोडत नव्हते कुणाला. मी बाहेर बागेत तोडणीला होते. भिंगरी खोक्यात झोपलेली, खोक्याला चिंधी, लेकीनं स्वतः बांधलेली, घट्ट गाठ मारून. पोर जागी झाली असणार. उतरली असणार—खोक्यातून उतरायला नुकतीच शिकली होती, काय कौतुक केलं होतं आम्ही त्याचं, देवा!—आणि पलीकडे भरलेल्या खोक्यांच्या रांगेतल्या एका मोकळ्या खोक्यात जाऊन निजली. वरचं पोतं ओढून घेतलं अंगावर. डोक्यावरून पांघरूण घ्यायची सवयच होती तिला. त्या खोक्याला चिंधी नव्हती ना. चिंधी होती ती रिकाम्या खोक्याला. आणि सगळे त्या रिकाम्या खोक्याला तळहातावरच्या फोडासारखं जपत होते हो! वळसा घालून जात होते. एकीनं तर त्याच्यावर ऊन येतंय म्हणून पुठ्ठा आडवा लावला. वाकून कुणी बघितलं नाही, झोपलेल्या पोराला कोण कशाला उठवेल? आणि भरलेली खोकी पोत्यानं झाकतात, हातगाडीवर रचतात आणि थंड खोलीत नेऊन ठेवतात, तशी सगळी नेली. तशी तीही नेली.

पट्टा थांबल्यावर लेक चिंधीच्या खोक्याशी गेली, तर आत नुसती चादर. मग काय शोधलं नाही आम्ही? विहीर बघितली, नाला बघितला, बागेतलं झाड न् झाड बघितलं, रस्त्यावर ट्रक थांबवून विचारलं. हाका मारून मारून लेकीचा आवाज गेला. आणि थंड खोलीचं दार तिथंच होतं, आम्ही दहादा त्याच्यासमोरून गेलो. कुणाच्या डोक्यातच आलं नाही. तिथं पोर कशी जाईल, बाहेरून कडी आहे! आतलं बाहेर ऐकू येत नाही, भिंती जाड, मशीनची घरघर. सकाळी ट्रक भरायला दार उघडलं तेव्हा सापडली. आणि ही खोली तेव्हाही होती हो ताई. ह्या गाद्या, ही खेळणी, सगळं होतं. कुलूप होतं. किल्ली मालकांच्या टेबलाच्या खणात.

हातगाडी कुणी ढकलली? ते नका विचारू. नका ना विचारू. —जावयानं. तिच्या बापानं. हमाल आहे तो इथं. खोकं उचललं तेव्हा हलकं लागलं म्हणाला, वाटलं अर्धवट भरलेलं असेल. आणि सांगू का तुम्हाला, त्या दुपारी त्या चिंधीच्या खोक्याजवळून जाताना तो पाय हळू टाकत होता. गाडीचं चाक करकरत होतं, तर मध्येच थांबून त्यानं त्याला तेल घातलं, पोर उठेल म्हणून. आता तो बोलत नाही. वाढलं तर जेवतो, नाही वाढलं तर मागत नाही. रात्री लेक त्याचा हात स्वतःच्या पोटावर नेऊन ठेवते, तर काढून घेतो. मला सहन होत नाही ते, मी भिंतीकडे तोंड करून झोपते. मालक आले होते तेव्हा आमच्याकडे. उंबऱ्यावर बसले, डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या, खोटं कशाला बोलू. म्हणाले, मावशी, बाहेर कळलं तर आधी कुणाला नेतील? ज्यानं खोकं उचललं त्याला. नात गेली, आता जावईही घालवायचाय का? तापानं गेली म्हणा, मी सांभाळीन तुम्हाला. सांभाळलं हो त्यांनी. मला बागेतून काढून सावलीत आणलं, ह्या खोलीची मावशी केलं. माझी नात गेली तेव्हा मला पाळणाघरात काम मिळालं.

काय म्हणालात? परत सांगा. नाही, परत सांगा, मला नीट ऐकू आलं नाही. जावयाला नाही नेणार? खोली बंद ठेवली म्हणून मालकांवर येतं? त्याच्यावर नाही? कायद्यात असं आहे? असं सरळ लिहिलेलं आहे? मग इतके दिवस आम्ही—अगं पोरी, हे आधी का नाही सांगितलं कुणी येऊन? माफ करा हं, पोरी म्हटलं, तोंडातून गेलं. तुम्ही त्याला सांगाल का? तुमच्या तोंडून सांगाल? मी सांगून सांगून दमले, तुझा दोष नाही रे बाबा, तुझा काहीच दोष नाही, पण मी पडले सासू, तो मान हलवतो नुसता. तुमचं ऐकेल. सरकारी माणूस सांगतंय म्हटल्यावर ऐकेल. आणि लेकीला काढता येणार नाही? पोट दिसलं तरी? सोडू दे मग ते पोटावर बांधलेलं फडकं तिला, श्वास घेऊ दे पोरीला! आणि राहायची खोली? खोलीचं काय? —बघावं लागेल म्हणता. हं. बघायला वेळ लागतोच म्हणा. तोवर आम्ही कुठं राहायचं, तेही बघावं लागेल.

नाही नाही, मागे नाही सरत मी. सांगते. सगळं सांगते, अंगठा हवा तर अंगठा घ्या, सही येते मला पण वाकडी येते. आता नाही सांगितलं तर कधी सांगणार? ह्या येणाऱ्यालाही खोक्यातच घालणार का आम्ही? नाही. घ्या लिहून. थांबा, तोंड पुसते आधी. हं. लेकीचं नाव लिहा, ती बघा तिथं, तिसरी, तिचं नाव—

—या ना मालक, या. आत या. काही नाही हो, पोरांचं कौतुक चाललं होतं. रडले कुठं? डोळ्यात काहीतरी गेलंय मघापासून. हो, बघून झालं ताईंचं सगळं. निघतच आहेत त्या. काय ताई? कुणाचं नाव? लेकीचं? मला कुठली लेक? एकटी बाई आहे मी, कुणी नाही मला. ती होय? ती, सैल शर्टातली? नाही हो. ती असेल कुणाची तरी. या तुम्ही.