तिसऱ्या तारेची खरी हकीगत

सन्माननीय अध्यक्षबाई, प्रमुख पाहुणे म्हणून लाभलेले संगीत विद्यालयाचे सर, आजचे सत्कारमूर्ती म्हणजे माझे मामा, त्यांच्या बँडमधली मंडळी, आणि खुर्च्या संपल्यावरही भिंतीला टेकून उभे राहिलेले सर्व रसिकहो,

आधी एक दुरुस्ती करते. तुमच्या हातात जी स्मरणिका आहे, तिच्यात चौथ्या पानावर मामांच्या सर्वांत गाजलेल्या वादनाबद्दल एक परिच्छेद आहे. मामांनी दोन वर्षं विचार करून गिटारची तिसरी तार मुद्दाम सैल करून उतरवली आणि त्यातून तो रडवणारा सूर शोधला, असं तिथे छापलंय. हे खोटं आहे. लिहिलंय मी, आणि लिहिताना मला खरं काय ते माहीत होतं. स्मरणिका छापून आल्यापासून मला जेवण गोड लागलेलं नाही.

खरं सांगायचं तर जरा मागे जायला हवं.

मामा रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात कामाला होते. दुरुस्त झालेला रेडिओ नीट चालतो का हे बघायला तो तासभर लावून ठेवावा लागतो. मामा चार चार तास लावून ठेवत. त्या तासांत त्यांनी ब्लूज हे अमेरिकेतलं दुःखाचं संगीत ऐकलं आणि मालकाच्या शिव्याही ऐकल्या. गिटार घेऊन केलेल्या पहिल्या कार्यक्रमाला अकरा माणसं होती, त्यातली तीन दुकानातली, एक माझी आई. पुढे सदतीस वर्षं, चौदा रेकॉर्ड, आणि ड्रमवाल्या काकांच्या कृपेने एका कानाने कमी ऐकू येणं. काका, हसू नका, डॉक्टरांनी तुमचंच नाव घेतलंय.

घरी मी मामांना अरे-तुरे करते. इथे अहो-जाहो चाललंय म्हणून ते मघापासून गालात हसताहेत.

माझी शाळा म्हणजे आमच्या स्वयंपाकघरातलं टेबल. आई पळीने ठेका धरायची, मामा समोर बसायचे. पहिलं वर्षभर त्यांनी मला एक ओळसुद्धा वाजवू दिली नाही. फक्त तारा लावायच्या आणि ऐकायचं. मी इतकी काटेकोर झाले की एकोणिसाव्या वर्षी त्यांनी त्यांच्या सगळ्या गिटारी माझ्या ताब्यात दिल्या. दौऱ्यावर तारा बदलणं, खुंट्या तपासणं, सगळं माझ्याकडे.

आता त्या संध्याकाळबद्दल. मोठं सभागृह, रेकॉर्डिंग सुरू, मामा स्टेजवर जायला सहा मिनिटं बाकी. मला तिसऱ्या तारेवर एक ओरखडा दिसला. दिसला की वाटला, हे आजही मी शपथेवर सांगू शकत नाही. दुसऱ्या कुणी सोडून दिलं असतं. मी तार बदलली. नवी तार चढवली की ती हाताने ताणून ताणून बसवावी लागते, नाहीतर वाजवता वाजवता उतरत जाते. हे मला नवव्या वर्षापासून माहीत होतं. पण हात पुसण्यात, खुंटी पुन्हा तपासण्यात, बाकीच्या पाच तारा पुन्हा एकदा बघण्यात सहा मिनिटं संपली, आणि ताणायचंच राहिलं.

दुसऱ्याच गाण्यात तार उतरायला लागली. मी दुसरी गिटार घेऊन पडद्याशी धावले. मामांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली, राहू दे. मग चार मिनिटं त्या तारेवरचा प्रत्येक सूर त्यांनी बोटाने ओढून जागेवर आणला. तार खाली जात होती, मामा तिला वर ओढत होते. तुम्ही ज्याला आर्त म्हणता ना, तो सूर तसा जन्मला. सभागृह उभं राहिलं. मी पडद्यामागे खाली बसले.

नंतर वार्ताहरांनी विचारलं तेव्हा मामा शांतपणे म्हणाले, तार मी मुद्दाम उतरवली होती. झालं. गावोगावची मुलं तिसरी तार उतरवून वाजवू लागली. आणि सर, तुमच्या पुस्तकातलं सहावं प्रकरण त्या तंत्रावरच आहे, बावीस पानांचं. मी ते तीनदा वाचलं. प्रकरण सुंदर आहे, फक्त ते तंत्र म्हणजे माझा वेंधळेपणा आहे. मला क्षमा करा.

हे आजच का सांगते आहे? मामांच्या डाव्या हाताच्या बोटाचा सांधा गेलाय. शनिवारच्या निरोपाच्या कार्यक्रमात साधी साथ करा, पण तार ओढायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय. ओढली तर ते बोट पुन्हा वाकणार नाही. आणि लोक तर तेच गाणं मागणार. मामांनी मला तीनदा विचारलं, ती चार मिनिटं तू वाजवशील का. मी तीनदा नाही म्हणाले. स्वतःच्या चुकीवर टाळ्या कशा घ्यायच्या? मग मामा म्हणाले, कोणी वाजवणार नसेल तर मी वाजवीन. मी आईकडे धाव घेतली, म्हटलं, तू मोठी बहीण, तू समजाव. आई म्हणाली, "तो नाही ऐकायचा. आमच्या घरात ऐकायची पद्धत फक्त गाण्यापुरती आहे."

काल तालमीच्या खोलीत मी मामांना सांगितलं की समारंभात मी सगळं खरं बोलणार आहे. वाटलं, रागावतील. ते गिटार पुसत होते, मान वर न करता म्हणाले, "बोल की. पण चूक तुझी होती, मग ती वाजवायला दुसरं कोण येणार?"

मग रात्रीपर्यंत मी सगळ्या गिटारींच्या तारा पुन्हा पुन्हा लावत बसले. आत्ता, इथे उभी असताना, उत्तर सापडलंय. मामा, बोट जपा. तुम्ही साथ करा.

अध्यक्षबाई, मला दहा मिनिटं दिली होती, मी जास्त घेतली. आयोजकांचे आणि तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. बोलण्यात कुणाचा मान राखायचा राहिला असेल तर तो माझ्या घाईचा दोष समजून पोटात घाला. वाजवण्यात चूक झाली तर मात्र पोटात घालू नका, तिथल्या तिथे सांगा.

ती चार मिनिटं मी वाजवणार आहे. येत्या शनिवारी, बावीस तारखेला, संध्याकाळी साडेसहा वाजता.