शिरगाव, जिल्हा पालघर

पूजेची फुलं घ्यायला पालघरला दुकानात उभी होते. माझ्यापुढे एक बाई भाचीच्या लग्नाचे हार बांधून घेत होत्या. तेवढ्यात त्यांचा भाचा फोन हातात घेऊन धावत आला.

"रखमामावशी, सोलापूरवरनं नवरदेवाची बस शिरगावात पोचली."

"मंग मांडवातनं कुणाचा फोन कसा नाय?"

"ते पुण्याकडचं शिरगाव हाय."

"काय?"

"गावाच्या नावावरनं नकाशावरची जागा काढणारा कोड मी लिवलेला. जिल्हा टाकलाच नाय. त्याला पयलं जे शिरगाव सापडलं, तेच पत्रिकेसोबत सगळ्यांना गेलं."

"शैलेश, मेल्या! दुपारचा मुहूर्त हाय!"

"मावशी, तिथंपण लग्नाचा मांडव हाय. ते लोक आपल्या नवरदेवाला त्यांचाच समजून ओवाळतायत."

"ओवाळतायत? आदी सांग त्याला, कुणी हार घालाय आलं तर मान मागं घे!"