पाणचक्कीचे मासे

लग्नानंतर आम्ही दोघंच पहिल्यांदा बाहेर पडलो ते पाणचक्कीला. मी सिल्लोडची, आणि हे इथल्याच, याच शहरातल्या शहागंजात जन्मलेले. निघताना सासूबाई यांना म्हणाल्या, "तिला नीट दाखव रे, घाई करू नको."

पाणचक्कीच्या दारातच मी मुरमुऱ्यांची पुडी घेतली. हे म्हणाले, "भूक लागली व्हय? आधी बघ तर." मग हौदाच्या काठानं चालत माहिती सुरू झाली. उंच भिंतीवरून हौदात पाणी कोसळत होतं. "हे सगळं मागच्या खाम नदीचं पाणी. खालून वर खेचलंय." ते पाणी लांब डोंगरातून मातीच्या नळांनी येतं, हे मला माहीत होतं. पण माणूस इतक्या मनापासून सांगत होता की मी "हो का?" एवढंच म्हणाले.

कडेला बसून मी पुडी सोडली आणि मूठभर मुरमुरे पाण्यात टाकले. मासे गोळा झाले. हे बोलायचे थांबले.

"इथं मासे आहेत हे तुला कसं ठाऊक?"

"आमच्या शाळेची सहल इथंच यायची."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही लई छान सांगत होता."

थोडा वेळ त्यांनीही मुरमुरे टाकले. मग हळूच म्हणाले, "आईला सांगू नको. मीपण पहिल्यांदाच आलोय."

घरी सासूबाईंनी चहा पुढं ठेवला. "दाखवली का यानं पाणचक्की?"

"हो, सगळी दाखवली."

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "आणि त्याला कुणी दाखवली?"