दर्यागौरीचं कुंकू

(रत्नागिरी स्टेशन. नव्या गाडीची पहिली फेरी सुटायला थोडा वेळ आहे.)

रूपेश: पण आई, येणार होतीस तर एक फोन तरी करायचास!

आवडाबाई: फोन कसला करायचा? जयगडहून पहिली एस्टी धरली. आपल्या होडीचं नाव गाडीला दिलंस, नि घरचा नारळ नको?

रूपेश: ही होडी नाही गं. प्रीमियम गाडी आहे. नाव, रंग, पडदे, सगळं आमच्या कंपनीनं ठरवलंय. पांढऱ्यावर एवढासा डाग फोटोत दिसतो.

आवडाबाई: डाग?

रूपेश: म्हणजे... कुंकू.

आवडाबाई: तुज्या बापसानं दर्यागौरी पाण्यात ढकललीन, तेव्हा तिच्या नाळीला, म्होरच्या टोकाला, कुंकवाचं पयलं बोट मीच लावलंय. घरच्या बाईचं कुंकू लागल्याबिगर नवी होडी दर्यात जात नाय. हितं सायबांचा हार तसाच राहिला, माजं बोटभर कुंकू तेवढं फडक्यानं पुसलंनी.

रूपेश: त्या पुसणाऱ्या माणसाचा दोष नाही.

आवडाबाई: म्हायत हाय. पुसायला तूच सांगितलंस. तेपण चाललं असतं, तुमच्या कामाची रीत असंल. पण तुज्या त्या हापिसातल्या मॅडमनी विचारलंनी, ह्या कोण? तेव्हा काय म्हणालास?

रूपेश: जाऊ दे ना आई.

आवडाबाई: सांग.

रूपेश: ...बाजारातली मासेवाली असेल कोणी.

आवडाबाई: मासेवाली तर हायच मी. त्याची लाज नाय मला. 'कोणी' म्हणालास, तेवढं लागलं.

रूपेश: मी ऑफिसात सांगितलंय, हे नाव कोकणभर फिरून, अभ्यास करून काढलं. बाबांच्या होडीचं म्हटलं असतं तर हसले असते सगळे. आणि तू नारळ घेऊन समोर! तुझी लाज वाटली गं. आता माझीच वाटतेय, वर बघवत नाही.

आवडाबाई: डोळे पूस, माणसं बघतायत. ही खोबऱ्याची वाटी धर. तिकडं नळापाशी फोडला नारळ, कोणाच्या वाटंत नाय. पयलं खोबरं होडीवरच्या माणसांनी खायचं. तुज्या मॅडमना पण दे.

रूपेश: बाबा घरी विचारतील.

आवडाबाई: सांगेन, नारळ फुटला, झ्याक झालं सगळं. त्यांना कशाला पुढचं? 

रूपेश: आणि मॅडमनी विचारलं, कोणी दिलं, तर?

आवडाबाई: तुला झेपंल ता सांग. मी जातंय, एस्टी चुकंल.

हेतल मॅडम (गाडीच्या दारातून): रूपेश! चल ना, दारं बंद होतायत. अरे वा, खोबरं? कोणी दिलं?

रूपेश: आईनं.

हेतल: आई आल्यात? आणि ओळख नाही करून दिलीस! कुठायत?

रूपेश: ती काय, पुलाचा जिना चढतेय. मघाशी मी जिला ओळखलं नाही ना मॅडम, ती.