अंगठा दिला न्हाय

माझं माहेर मुरूमकडलं, दिली बेंबळीला, आन् तवापासून हितंच, शेतात न् म्हशीमागं. मालक लवकर गेले. एकच लेक, त्यो दुबईला हाटेलात भटारखान्यात लागला आन् तिथनं बायकू करून आला ती फिलिपिन्सची, लीना नावाची. काय सांगू तुम्हाला, लई तोंड सोडलं म्या, म्हनलं हिला काय भाकर येती का धार काढाय येती, हिच्यासंगं बोलू कसं. ती नुसती हसायची. वरसात माझ्यापरीस गोल भाकर थापाय लागली आन् मला आत्या म्हनाय लागली.

तर ती दुसऱ्या देशाची, म्हून सरकारात नोंद ठिवावी लागती. दरसाल धाराशिवला, मोठ्या पोलीस हापिसात. जेच्या घरी ऱ्हाती त्येनं हमी द्यायची. लेक हुता तवर त्यो द्यायचा. मग त्यो मोटारसायकलवरनं पडला आन् गेलाच. तेरावं झालं न् हापिसातनं इचारना आली, नवरा न्हाय तर आता ही कुनाकडं ऱ्हानार? म्हनलं माझ्याकडं, आनखी कुनाकडं? आन् दिला अंगठा.

मग दरसाल आमी दोघीच जायचो येष्टीनं. फोटूत कान दिसले पायजेत म्हनायचे, ती पदर कानामागं खोवायची, मला हसू यायचं. काम झालं की हापिसाबाहेर लिंबाखाली बसून भाकर खायची, मग भेळ. ती जत्राच हुती आमची, खोटं कशाला बोलू.

पन तिची माय तिकडं आजारी. फोन आला की ही गोठ्यामागं जायची, रडायची, तोंड धुवून आत यायची. म्हनलं जा की गं मायकडं. म्हनायची, आत्या, तुम्हाला कोन हाय? लई डाव म्हनलं, शिव्या दिल्या, हालंना.

औंदा सायबानं हमीचा कागद फुडं केला, शाई फुडं केली. म्या हात पदराखाली घेतला. म्हनलं, न्हाय देत. सायेब म्हनला, आजी, हमी न्हाय तर ह्यांना हितं ऱ्हाता यायचं न्हाय, कळतंय का तुम्हाला? म्हनलं, कळतंय. लीना माझ्या तोंडाकडं बगाय लागली, म्या खिडकीकडं बगत बसले. त्या दिशी भेळ खाल्ली न्हाय आमी.

जाताना तांदूळ-नारळानं ओटी भरली तिची. इधवा बाईची भरत न्हाईत म्हनून शेजारनी कुजबुजल्या. म्हनलं लेक मायकडं चाललीय, गप बसा. पाया पडली, पन वर बगितलं न्हाय तिनं.

ती गेली तर त्येची बी नोंद! पोलीस ठान्यातनं निरोप आला, घरातला परदेशी मानूस गेला तर घरवाल्यानं कळवावं लागतंय. गेले. कोन गेलं, कवा गेलं, कुठं गेलं, समदं सांगितलं. हवालदार म्हनला, परत येनार का? म्हनलं, ते मला काय इचारता. बाहेर पायरीवर बसले ते उठवंनाच.

परवा फोन आला तिचा. माय उठून बसतीय म्हनली, पेज खातीय. मग म्हनली, आत्या, अंगठा का न्हाय दिला? म्हनलं, ऐकू येईना गं, रेंज न्हाय, आन् ठिवला. समदं ऐकू येत हुतं हो मला.

बरं झालं, मायला लेक घावली, दोघी सुखात ऱ्हाऊ द्या. पीठ मात्र आजून दोघींचंच मळलं जातंय हातानं, उरलेली भाकर म्हशीला घालते.